दाजींचा खोकला

१ फेब्रुवारी, रविवार

आज समुद्राच्या तळाशी जाऊन आलो. तळ म्हणजे फार काही नाही, दोन-तीन पुरुष पाणी. पण वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पाठीवर सिलिंडर, कमरेला शिशाचे तुकडे आणि पायांत बदकाची पावलं बांधून माणूस आपखुशीने बुडतो, तेव्हा त्याला खोली विचारू नये.

आपखुशीने हा शब्द मागे घेतो. मला यात ढकललं ते हिने. हिचा भाऊ वयाने एक्केचाळीस, पण घरीदारी अजून 'धाकटा'च. त्याने बंदरावर क्रेन चालवायची कायमची नोकरी सोडून धक्क्यावर स्कूबा डायव्हिंगची शाळा काढली आहे. हवा दाबून भरायचा कॉम्प्रेसर आला, सिलिंडर आले, पाण्याखाली शिकवणाऱ्या बाई आल्या; विद्यार्थी तेवढे यायचे राहिले. समोरच्या गेस्टहाउसच्या मालकाने सांगितलं की पहिली तुकडी धडधाकट वर आलेली बघू, मग आमचे पाहुणे तुमच्याकडे पाठवू. म्हणजे हा हंगाम साधला तर शाळा, नाहीतर पुन्हा क्रेन. तेव्हा पहिल्या तुकडीत कोणी पोक्त, प्रतिष्ठित, गावाला तोंडओळख असलेला माणूस हवा असं बहीणभावांनी ठरवलं आणि दोघं माझ्याकडे बघू लागली. मी वर्तमानपत्राचा वार्ताहर. बंदर आणि नगर परिषद ही माझी दोन खाती. प्रतिष्ठेचं मला माहीत नाही, तोंडओळख आहे.

जानेवारीभर पोहण्याच्या तलावात शिकलो. शिकवणाऱ्या बाईंचा आवडता शब्द 'सावकाश'. चष्मा घाला सावकाश, वळा सावकाश, वर या सावकाश. मी त्यांना मनातल्या मनात सावकाशबाई म्हणतो. त्यांचा पहिला नियम असा की पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. घेत राहायचा, सोडत राहायचा, वर येताना तर हटकून. आज बोटीवर त्यांनी तो पुन्हा पुन्हा सांगितला. नवशिक्यांना सांगावाच लागतो. माझी गोष्ट निराळी. संस्कृतचा विद्यार्थी होतो तेव्हापासून रोज सकाळी प्राणायाम करतो. श्वास घेणं हा पूरक, सोडणं हा रेचक आणि दोहोंच्या मध्ये तो आत धरून ठेवणं हा कुंभक. ज्याला कुंभक साधला त्याला हवा पुरते, हे उघड आहे.

ते काट्यावरही दिसलं. माझ्याबरोबर शिकणारे दंतवैद्य सिलिंडर जवळजवळ रिकामा करून वर आले. माझा अर्ध्याहून अधिक भरलेला. धाकट्याने तो काटा बोटीवर सगळ्यांना दाखवला. म्हणाला, दाजी, कमाल केलीत. सावकाशबाई काट्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. कौतुक करण्याचा त्यांचा स्वभाव दिसत नाही.

डोकं जरा दुखतंय. घसा कोरडा पडलाय आणि मधूनमधून खोकला येतो. बाई म्हणाल्या, सिलिंडर भरताना हवेतली वाफ काढून टाकतात, ती कोरडी हवा घशाला लागते, पाणी पीत राहा. समुद्रातून नुकत्याच काढलेल्या माणसाला पाणी प्यायला सांगणारा हा व्यवसाय मला आवडू लागला आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार

नगर परिषदेची सभा. पाणीपट्टीचा ठराव वाचला जात असताना मला खोकल्याची उबळ आली. अध्यक्षांनी वाचन थांबवून विचारलं, वार्ताहरांची काही हरकत आहे का. नाही म्हणायला तोंड उघडलं तर दुसरी उबळ. ठराव पुढच्या सभेवर ढकलण्यात आला. इतकी वर्षं अग्रलेख लिहूनही आमच्या संपादकांना हे जमलेलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

दुसरी बुडी. या खेपेला अंमळ खोल. एक मोठं कासव शेजारून गेलं. चेहऱ्यावर निवृत्त न्यायाधीशाचा भाव. त्याला बघताना कुंभक आपोआप लागला. कासवही वर जाऊन एक श्वास घेतं आणि त्यावर कितीतरी वेळ काढतं. आमचं एकमेकांना पटलं असावं.

वर आल्यावर पुन्हा खोकला, थोडा जास्तच. सावकाशबाईंनी माझ्या तोंडातला रबरी तुकडा उलटसुलट करून बघितला. त्याला बारीक चीर असली की श्वासाबरोबर खाऱ्या पाण्याचे तुषार आत जातात आणि माणूस खोकतो, म्हणाल्या. चीर सापडली नाही, तरी त्यांनी नवा तुकडा बसवला. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमचे बुडबुडे दिसत नव्हते. मी घाबरले."

मी म्हटलं, अभ्यास आहे.

त्या पुढे काही बोलणार होत्या, एवढ्यात धाकटा मध्ये आला. दाजींची पद्धत वेगळी आहे, त्यांची बरीच वर्षांची साधना आहे, असं काहीसं म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्याने समुद्राकडे बघितलं. नंतर ती दोघं शाळेच्या शेडमध्ये बराच वेळ बोलत होती. मी गेल्यावर गप्प झाली. धंद्यातल्या अडचणी असतात. आपण विचारू नये.

११ फेब्रुवारी, बुधवार

खोकला जात नाही. गुळण्या झाल्या, वाफारे झाले. हिचं म्हणणं, डॉक्टरांकडे चला. माझं म्हणणं, कारण सापडल्याशिवाय डॉक्टरकडे जाणं म्हणजे मथळ्याशिवाय बातमी देणं. हिने विचारलं, मग डॉक्टर कशाला असतात. हिला पत्रकारिता समजत नाही.

कारणांचा शोध मीच घेतला. कोरडी हवा, हे झालं. खारे तुषार, हेही झालं. हवेच्या नळ्या न धुता ओल्याच ठेवल्या तर आत बुरशी धरते आणि ती छातीत जाते. धाकट्याच्या शाळेत नळ्या गोड्या पाण्याने धुऊन पाळण्यातल्या लेकरांसारख्या टांगून ठेवतात. मी स्वतः पाहिलंय. चौथं कारण मात्र माझ्यातल्या वार्ताहराला भावलं. कॉम्प्रेसर ज्या पाइपने हवा ओढतो त्याच्या तोंडाशी धूर असला, तर तो धूरही सिलिंडरमध्ये दाबून भरला जातो.

संध्याकाळी सहज गेल्यासारखं दाखवून शेडवर गेलो. पाइपचं तोंड छपराच्या वर, पण धक्क्याच्या दिशेला. धक्क्याला डिझेलच्या बोटी लागतात. मी खाली उभा राहून बराच वेळ वर बघत होतो. धाकट्याने विचारलं, दाजी, काय बघताय. म्हटलं, आकाश.

१५ फेब्रुवारी, रविवार

तिसरी बुडी, आतापर्यंतची सगळ्यात खोल. पोवळ्यांचा एक आख्खा मोहल्ला खाली वसलेला आहे. परत येताना सावकाशबाई पुढे होत्या आणि मागे वळून हाताने काहीतरी खुणा करत होत्या: ओठांपासून बोटं पुढे नेत, पुन्हा पुन्हा, बहुधा माशांविषयी. मी दीर्घ पूरक करून कुंभकात होतो. वर येता येता छाती भरून आली. अशी भरून आली की हाच तो योगातला अनुभव असेल, असं वाटून मी तो सोडला नाही.

बोटीवर बसलो आणि छातीच्या मधोमध काहीतरी टोचू लागलं. दिवसभर खोकतोय. जेवताना मी मीठ मागितलं तर ही म्हणाली, "अहो, आवाज कसा झालाय तुमचा? डब्यातून बोलल्यासारखा."

खाऱ्या हवेचा परिणाम असणार.

१६ फेब्रुवारी, सोमवार

दाढी करताना गळ्याच्या खालच्या बाजूला बोट लागलं तर कातडीखाली बारीक चुरचुर झाली. खळ घातलेल्या कापडावरून बोट फिरवावं तशी. पुन्हा दाबून बघितलं, पुन्हा चुरचुर. नवा साबण बदलला पाहिजे.

कचेरीत माझा डब्यातला आवाज ऐकून आमच्या उपसंपादकाने चौकशी केली. याला आम्ही मथळा म्हणतो. त्याच्या डोक्यात वाक्य येत नाही, मथळाच येतो. लग्नाची पत्रिकाही त्याने तीन स्तंभांत छापून घेतली होती. मी त्याला केवळ माहितीसाठी म्हणून पाइपचं तोंड, डिझेलच्या बोटी वगैरे सांगितलं. छापायचं नाही, हेही सांगितलं. त्याने मान डोलावली. मथळ्याची मान नेहमीच डोलते, हे माझ्या लक्षात राहायला हवं होतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पान तीन, वरचा कोपरा. 'पाण्याखालची हवा शुद्ध आहे का?' खाली आठ ओळी. शाळेचं नाव नाही, पण गावात शाळा एकच. 'एका जाणकार पाणबुड्याला बुडीनंतर सतत खोकल्याचा त्रास होत असल्याचे समजते.' जाणकार पाणबुड्या मी. वाचताना क्षणभर बरं वाटलं, हे या वहीत लिहायला हरकत नाही.

हिने पेपर वाचला, नीट घडी घातली आणि माझ्या ताटाखाली ठेवला. जेवण होईपर्यंत एक शब्द बोलली नाही. हिच्या बाबतीत हे धरणाचे दरवाजे बंद राहण्यासारखं आहे; पाणी कुठेतरी साठत असतं.

दुपारी धाकटा घरी आला. मला वाटलं भांडेल. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "दाजी, तुम्हाला त्रास होतोय तोवर मी एकही सिलिंडर भरणार नाही." शाळेला कुलूप लावून आला होता. कॉम्प्रेसर खोलून ठेवला, गाळण्या काढल्या, भरलेल्या एका सिलिंडरमधली हवा तपासायला बाहेरगावी पाठवली. गेस्टहाउसच्या मालकाने सकाळीच फोन करून पाठवायची ठरवलेली पाहुण्यांची दोन पथकं रद्द केली. हे सगळं त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं. उठताना हिच्याकडे बघून म्हणाला, ताई, दाजींना डॉक्टरकडे ने.

मला त्याच्या वागण्यात अपराधी भाव दिसला. पाइपचं तोंड धक्क्याकडे आहे हे त्यालाही माहीत असणार.

१९ फेब्रुवारी, गुरुवार (इस्पितळ)

हिने काल संध्याकाळी गळपट्टा सरळ करायला म्हणून माझ्या गळ्याला हात लावला आणि तिथेच थांबली. हे काय वाजतंय, म्हणाली. मी साबणाचं सांगितलं. हिने रिक्षा बोलावली.

छातीचे डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी ऐकलं, ठोकलं, फोटो काढला, फोटो उजेडावर धरला आणि म्हणाले की तुमच्या छातीत हवा आहे. मी म्हटलं, असायचीच. म्हणाले, फुप्फुसात असते. तुमची बाहेर सांडली आहे. हृदयाच्या भोवती, आणि तिथून वर चढून गळ्याच्या कातडीखाली.

ही खुर्चीत बसली. मी पाइपबद्दल, बोटींबद्दल सांगायला लागलो. त्यांनी ते पुरतं ऐकून घेतलं. मग विचारलं, "वर येताना श्वास रोखला होता?"

"छे. कुंभक केला."

"म्हणजे?"

"आत धरून ठेवला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. खोल पाण्यात हवा दबलेली असते. तिथे छाती भरून घेतलेला श्वास वर येता येता फुगत जातो. तो सोडत आलात तर काही होत नाही. धरून ठेवलात तर त्याला जागा पुरत नाही आणि तो फुप्फुस फाडून वाट काढतो. तुमचं थोडक्यात निभावलं. हीच हवा रक्तात शिरली असती तर आपण हे बोलत बसलो नसतो.

पहिल्या दोन खोकल्यांचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, तेव्हाचा कोरड्या हवेचा असेल, खाऱ्या पाण्याचा असेल, याच प्रकाराची सुरुवातही असेल. आता सांगता येत नाही. डोकं दुखत होतं ते मात्र श्वास धरल्यानेच. तेवढं मी ऐकलं आणि हिच्याकडे बघितलं नाही.

दोन दिवस इथे राहायचं आहे. तोंडावर मास्क बसवला असून नळी कोपऱ्यातल्या सिलिंडरला जोडली आहे. काटा माझ्या बाजूला नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आवाज डब्यातून बाहेर येतोय. चुरचुर कमी आहे.

धाकटा आला. हवेचा अहवाल आला होता: स्वच्छ. तेल नाही, धूर नाही, काही नाही. मी अभिनंदन केलं. त्याने अहवाल घडी करून खिशात घातला. ही औषधं आणायला गेली, तेव्हा म्हणाला, "बाईंनी मला दुसऱ्याच रविवारी सांगितलं होतं. दाजी श्वास धरतात, त्यांना थांबवा म्हणून."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हाला?"

त्यानेच पुढे सांगितलं. ताईचं लग्न झालं तेव्हा तो शाळेत होता. तेव्हापासून घरात दाजी बोलणार आणि बाकीचे ऐकणार. दाजी पेपरात लिहितात, दाजींना संस्कृत येतं, दाजी चुकत नाहीत. बाई स्वतः बोलायला निघाल्या होत्या, त्यांनाही यानेच अडवलं. मी समजावतो म्हणाला, आणि समजावलं नाही. तिसऱ्या बुडीला दाजी आपणहून थांबतील, असं धरून चालला.

"कॉम्प्रेसर खोलून बसलो होतो तेव्हा मनात काय म्हणत होतो माहितीय? हवाच खराब निघू दे. शाळा बुडाली तरी चालेल, पण तुम्हाला तोंडावर सांगायची वेळ येऊ नये."

तो माझ्या पलंगाच्या लोखंडी दांड्याला धरून उभा होता. क्रेन चालवणाऱ्याचे हात.

"ताईला काय सांगितलं असतं मी?" तो म्हणाला. "आता ऐका. पाण्यात कोणी दाजी नाही. जो सांगेल त्याचं ऐकायचं. आणि तुम्ही पुन्हा पाण्यात उतरायचं नाही. डॉक्टर काय म्हणतात ते मला विचारायचं नाही, मी सांगतोय."

हे तो जरा मोठ्याने बोलला असावा. परिचारिका दारात आली. मी मास्कमधून हो म्हणालो. इतक्या वर्षांत त्याने मला काही आज्ञा केल्याचं आठवत नाही.

जाताना म्हणाला की पाइपचं तोंडही दुसऱ्या बाजूला फिरवून घेतलंय. म्हणजे त्या मुद्द्यात तथ्य होतंच.

२५ फेब्रुवारी, बुधवार

खुलासा लिहिला. सरळ लिहिला: मी, अमुक, शिक्षिकेचा नियम मोडून श्वास धरला, माझ्या छातीला इजा झाली, शाळेच्या हवेचा काही दोष नाही, हवा तपासलेली आहे. खाली पूर्ण नाव. संस्कृतचा उल्लेख गाळला. विद्येला कशाला मध्ये ओढा.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

छापून आला. पान सात, जहाजांच्या वेळापत्रकाच्या खाली. मथळ्याने जागेअभावी माझं नाव काढलं आणि 'एका ज्येष्ठ नागरिकाने' असं घातलं. मी त्रेपन्न वर्षांचा आहे. त्याला जाब विचारला तर म्हणाला, तुमची अब्रू वाचवली. मी म्हटलं, दुसऱ्याची वाचवायची होती. मग नावासकट पुन्हा छापायला लावला. उद्या येईल.

१ मार्च, रविवार

शाळा उघडली. कोणी आलं नाही.

नावासकट छापलेल्या खुलाशाचा उलटाच परिणाम झाला. भाजीवाल्याने मला तोंडावर सांगितलं, साहेब, घरच्या माणसासाठी कोणीही लिहील. न्हाव्याचं मत असं की सासुरवाडीकडून दबाव आला. म्हणजे मी न लिहिता सांगितलेलं खोटं आठ ओळींत खरं ठरलं, आणि नावासकट लिहिलेलं खरं कोणाला खरं वाटत नाही. पत्रकारितेच्या शाळेत हे शिकवायला हवं.

दंतवैद्यांना भेटलो. तुम्ही तर तीनही बुड्या मारल्यात, तुम्हाला खोकला नाही, तेवढं लोकांना सांगा, म्हटलं. ते ओशाळून म्हणाले, मला काही झालं नाही हे खरं, पण बायकोने रोज सकाळी छातीला कान लावायला सुरुवात केली आहे. तुम्ही बरे होईपर्यंत थांबतो.

धाकटा बंदराच्या कचेरीत जाऊन आल्याचं हिच्याकडून कळलं. क्रेनवरची जागा अजून भरलेली नाही. सोमवार, नऊ तारखेपर्यंत कळव, म्हणाले.

३ मार्च, मंगळवार

ही म्हणाली, मी बुडी मारते.

मी हसलो नाही, याची नोंद असावी. ही होडीत बसली की काठ धरून डोळे मिटते. समुद्रकिनारी फिरायला गेलो तर मला पाण्याच्या बाजूने चालायला लावते. मी कारणं सांगितली: वय, सवय, भीती, माझी प्रकृती. हिने भांडी पुसता पुसता सगळी ऐकली.

"तुमचा खोकला गावभर झाला," म्हणाली. "आता माझं न खोकणं गावाला ऐकू दे."

मी म्हटलं, घरच्या माणसावर कोणी विश्वास ठेवत नाही. ही म्हणाली, लिहिण्यावर ठेवत नाहीत, गळ्यावर ठेवतील.

छातीच्या डॉक्टरांनी हिला तपासून हिरवा कंदील दिला. आजपासून सावकाशबाईंकडे तलावात. मला बरोबर यायला बंदी आहे. माझ्या असण्याने मार्गदर्शनात बाधा येते, असं बाईंचं मत. सावकाश बोलतात, पण बोलायला लागल्या आहेत.

६ मार्च, शुक्रवार

तलावातून आली की केस पुसत गप्प बसून राहते. पहिल्या दिवशी पाण्यात तोंड घालेना, असं धाकटा म्हणाला. दुसऱ्या दिवशी घातलं आणि रडली. चष्म्याच्या आत रडली म्हणून चष्मा काढून पुसावा लागला. आज तळाशी बसून राहिली. मी विचारलं, कसं वाटलं. म्हणाली, तुम्हाला काय सांगायचं.

मी म्हटलं, रविवारची बुडी पुढे ढकलू. ही म्हणाली, सोमवार ढकलता येईल का?

८ मार्च, रविवार

लिहून ठेवतो.

धक्क्यावर बरीच माणसं जमली होती. बोलावलं कोणाला नव्हतं, पण ही पाण्यात उतरणार हे भाजीवाल्याला कळलं होतं आणि त्याच्यापुढे आमचं वर्तमानपत्र मागासलेलं आहे. गेस्टहाउसचे मालक खुर्ची घेऊन आले होते. दंतवैद्य सपत्नीक. मथळा छायाचित्रकाराला घेऊन. धाकट्याने सगळ्यांसमोर कॉम्प्रेसर सुरू करून सिलिंडर भरला, आणि भरता भरता हिला सूचना दिल्या. ही भीतीने हसायला लागली. तो म्हणाला, "ताई, हसू नकोस. ऐक." ज्याला हिने नाक पुसून शाळेत पाठवलं त्याला ही म्हणाली, "हो." आणि ऐकलं.

बाईंनी हात धरला. धक्क्याच्या पायऱ्यांवरूनच उतरल्या. हिने एकदा मागे बघितलं. माझ्याकडे की कोरड्या जमिनीकडे, सांगता येत नाही. मग पाणी हिच्या डोक्यावरून मिटलं.

बुडबुडे लगेच दिसू लागले. दाट, एकसारखे, मध्ये कुठेही न तुटता. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. हिला श्वास धरून काही ऐकताना मी कधी पाहिलेलं नाही, आणि याबद्दल आजवर तक्रारच करत आलो. आज मी ते बुडबुडे एकूण एक बघितले. पांढऱ्या फुग्यांची ती रांग धक्क्यापासून लांब गेली, वळली, परत आली. धाकटा काठावर उकिडवा बसून होता. मालकांनी खुर्ची पुढे सरकवली.

मग डोकं वर आलं. पायऱ्या चढली, बाईंनी चष्मा काढला, तोंडातलं रबर काढलं. धक्क्यावर अशी शांतता झाली की लांब शेडमधल्या कॉम्प्रेसरची धडधड तेवढी ऐकू यावी. सगळं गाव हिच्या गळ्याकडे बघत होतं.

आणि नेमकी मला उबळ आली.

माझ्या छातीतला थोडासा खोकला अजून शिल्लक आहे. डॉक्टर म्हणाले होते, जाईल हळूहळू. तो घशाशी येऊन उभा राहिला. मी जर त्या शांततेत खोकलो असतो तर कोण खोकलं हे कोणी बघितलं नसतं; खोकला झाला, एवढंच घरोघर गेलं असतं. मी हिचा टॉवेल हातात घेऊन उभा होतो. तो तोंडात कोंबला आणि डोळ्यांतून पाणी गळत असताना माणसांमधून वाट काढत शेडच्या मागे गेलो. कॉम्प्रेसर अजून धडधडत होता. त्याच्या आडोशाला, भिंतीकडे तोंड करून, यथेच्छ खोकलो. छाती दुखेपर्यंत खोकलो. तेवढ्यात पलीकडून हिचा आवाज येत होता. ही बोलत होती, न थांबता, खणखणीत, काहीतरी सांगत होती. मधूनच सगळे हसले. एक शब्द कळला नाही.

परत आलो तेव्हा गेस्टहाउसचे मालक खुर्चीवरून उठून धाकट्याला विचारत होते की एका वेळी किती माणसं नेता. दंतवैद्यांची बायको पुढच्या रविवारी स्वतःही येऊ का म्हणून विचारत होती. धाकटा उत्तरं देत होता आणि हातांचं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. मथळा कागदावर काही लिहून खोडत होता.

ही पायरीवर निथळत बसली होती. मी टॉवेल पुढे केला. तो ओला का, असं हिने विचारलं नाही. त्याचीच कोरडी बाजू शोधून केस पुसू लागली.

वर आल्यावर काय सांगत होतीस, असं मी विचारलं. ही म्हणाली, "समुद्र कसा होता ते. तुम्ही कुठे होतात?"

मी म्हटलं, इथेच.

दुपारभर पुन्हा पुन्हा विचारलं. सांगत नाही. म्हणते, जे ऐकायला थांबले त्यांनी ऐकलं. उद्या दंतवैद्यांकडे जातो. दाताच्या निमित्ताने काढून घेईन.